दुर्लक्षित शॅमेलिऑन पाळायचा विचार करताय? सोलापूरकरांनी आधी एवढं तपासा

माझ्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांतली एक जात, आहे हे ज्याला कळतं तो आधी विचारतो, "खरंच रंग बदलतो का?" आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करून विचारतो, "हा तर सगळ्यांकडे असतो हो, वेगळा कुठला मिळेल?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देता घसा सुकतो, म्हणून इथे एकदाचं लिहून टाकतो.

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. पाळणाऱ्यांच्या तोंडी नावं मात्र तीनच: येमेनचा व्हेल्ड, मादागास्करचा पँथर आणि केनियाचा तीन शिंगांचा जॅक्सन. बाकीच्यांकडे कुणी ढुंकूनही का बघत नाही, हा किडा माझ्याही डोक्यात वळवळला होता. त्यापायी मी सहा हजारांचा बयाणा घालवला आणि माझ्या मावसभावाने एक जनावर गमावलं. तुमचे पैसे आणि कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून खालच्या पायऱ्या. क्रम मोडू नका. बहुतेक जण पाचव्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे पिंजऱ्यापासून.

१. दारचा घोयरा यादीतून वगळा

पावसाळा लागला की मला शेतावरून फोन येतात. गेल्या जूनमध्ये नान्नजकडच्या एका मित्राचा आला, "तुझा तो सरडा सापडलाय. बादलीखाली झाकून ठेवलाय, नेतोस का?" गाडी काढून गेलो. बादली उचलायला लावली तर आत घोयरा, आपला भारतीय शॅमेलिऑन, रागाने काळपट पडून फुगलेला. दोन मिनिटं तो हललाच नाही. फक्त एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा मित्राच्या चपलेकडे. मग पाय उचलला, पुढे-मागे, पुढे-मागे झुलवला, वाऱ्याने पान हलावं तसा, आणि टाकला. तीन बोटं एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, चिमट्यासारखी. असं करत करत बांधावरच्या बाभळीपर्यंत जायला त्याला पाव तास लागला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ती त्या दिवशी घड्याळ लावून बघितली.

भारतात सापडणारा शॅमेलिऑन हा एवढाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा. "शेतात सापडला, मी विकत थोडाच घेतलाय" हे चालत नाही. तो विषारी नाही, त्याच्या फुंकरीने काही होत नाही, हेही गावात जरूर सांगा. बघितला की दगड उचलणारे अजून पुष्कळ आहेत. जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, घरी आणायचा नाही.

२. जातीकडे दुर्लक्ष का होतं, ते आधी शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एखादी जात मागे पडली असेल तर त्याला कारण असतंच. ते कारण बाजारातलं आहे, त्या जनावरातलं आहे की हवेतलं आहे, यावर तुमचा निर्णय ठरतो. बाजारातलं असेल तर त्यावर मार्ग निघतो. जनावरातलं असेल तर आपण समजून घ्यायचं. हवेतलं असेल तर सोलापुरात तो विषय तिथेच संपला.

*रंगात मार खाल्लेले.* पँथर खपतो तो रंगावर. अंबिलोबे, नोसी बे, अंबान्जा अशी मादागास्करमधल्या ठिकाणांची नावं लावून त्याचे रंग विकले जातात, आपल्याकडे आंब्याला देवगड नि रत्नागिरी लावतात तसे. त्याच बेटावर उस्ताले नावाचा शॅमेलिऑन आहे. नर दोन फुटांपर्यंत जातो, कोरड्या, उजाड माळावर आणि वस्तीजवळसुद्धा टिकतो, पण अंगावर सगळी माती आणि राखाडी. फोटोत तो वाळक्या फांदीसारखा दिसतो आणि फोटोवर कुणी पैसे टाकत नाही. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त अन्याय याच्यावर झालाय. आपल्या हवेला त्यातल्या त्यात जवळचाही हाच. अडचण जागेची: चार फुटी पिंजरा त्याला खुराड्यासारखा होतो.

*बदनाम झालेले.* आफ्रिकेतले सेनेगल, ग्रेसफुल आणि फ्लॅप-नेक्ड. हिरवे-तपकिरी, साधे, एके काळी परदेशात अगदी स्वस्त मिळायचे, कारण ते रानातून पकडून पोत्यांनी पाठवले जायचे. प्रवासात तहानलेले, पोटात जंत, घेणारा नवखा. महिन्या-दोन महिन्यांत मरायचे. मग नाव पडलं की ही जात नाजूक आहे. किंमत इतकी कमी की कुणी त्यांची घरी पैदास करेना. पैदास नाही म्हणून पुन्हा रानातलेच, आणि पुन्हा तेच मरण. हे चाक अजून पूर्ण थांबलेलं नाही.

*आयुष्य कमी असलेले.* कार्पेट शॅमेलिऑन दिसायला देखणा. बहुतेक जातींत नर रंगीत असतो, यात मादी नरापेक्षा रंगीत. पण आयुष्य दोन-तीन वर्षांचं. माझ्या मावसभावाने होटगी रोडच्या घरी मादी आणली, नोंदणी रीतसर होती, पिंजरा माझ्यापेक्षा चांगला होता. "पिल्लू आहे" असं सांगून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मनीप्लांटच्या कुंडीत अंडी घातली, तेव्हा पिल्लाचं वय कळलं. सात महिन्यांत गेली. त्याला अजून वाटतं त्याचंच काही चुकलं. चुकलं असेल तर विकत घेताना वय न विचारण्यात चुकलं. आणखी टोकाचं उदाहरण हवं असेल तर मादागास्करचाच लाबोर्ड शॅमेलिऑन घ्या: आठ-नऊ महिने अंड्यात आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने. त्याला पाळायचं म्हणजे मुख्यतः अंडी सांभाळायची.

*कायद्याने आणि वेळेने अडलेले.* १९९५ पासून बरीच वर्षं मादागास्करमधून फक्त चार जातींच्या शॅमेलिऑनचा व्यापार चालू होता: पँथर, कार्पेट, उस्ताले आणि वॉर्टी. बाकी सगळ्यांवर आंतरराष्ट्रीय बंदी. पार्सन हा जगातला सर्वांत धिप्पाड शॅमेलिऑन त्यात अडकला. त्याची अंडी फुटायला वर्ष ते दोन वर्षं लागतात, म्हणजे पैदास करणाऱ्याला धीर हवा. टांझानियाने २०१६ मध्ये जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात थांबवली, तेव्हा तिथून येणारे अजस्र मेलर आणि काडेपेटीएवढे पिग्मी दोघंही दुर्मिळ झाले. असा एखादा प्राणी आज "सहज" मिळत असेल तर तो आला कुठून, हे विचाराच.

*थंडी लागणारे.* चार शिंगांचा कॅमेरूनचा, हेल्मेटेड केनियाचा, असे डोंगरी. मला स्वतःला हे सगळ्यात आवडतात. महाबळेश्वरपेक्षा उंच डोंगरांवरचे हे रहिवासी. दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री पंधराच्या खाली हवा असेल तर खूश. आपल्याकडे मे महिन्यात रात्री बाराला गच्चीवर झोपलो तरी पाठ भाजते.

३. वर्षभर थर्मामीटर ठेवा

हो, वर्षभर. प्राणी आणण्याआधी. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या, जिथे पिंजरा ठेवणार त्याच भिंतीला लावा आणि रोज दुपारी तीन आणि पहाटे पाच असे दोन आकडे वहीत लिहा. दिवसाच्या उन्हाला उपाय असतो, रात्र थंड होत नसेल तर फार काही करता येत नाही. म्हणून पहाटेचा आकडा जास्त महत्त्वाचा.

सोलापूरची गंमत अशी की कोरड्या एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला तरी साधा वाळ्याचा कूलर उत्तम चालतो. खोली थंड होते आणि हवेत ओलही येते. तोच कूलर जुलैत चालू ठेवला तर खोली दमट, कोंदट होते आणि शॅमेलिऑनची छाती भरते. तोंड उघडं ठेवून मान वर करून बसलेला शॅमेलिऑन "जांभई देतोय" असं समजू नका. एक तर त्याला असह्य उकडतंय, नाही तर श्वास लागलाय.

माझ्याकडे एकदा एप्रिलच्या दुपारी वीज गेली, कूलर बंद, आणि मी पार्क चौकात. घरी आलो तेव्हा खोलीत ३८ आणि आमचे राव पांढरेफटक पडून पिंजऱ्याच्या तळाशी. सोलापुरी टॉवेल ओले करून पिंजऱ्याच्या तीन बाजूंना टांगले, चौथी उघडी ठेवली, पानांवर पाणी मारत बसलो. तासाभराने हिरवा झाला. व्हेल्ड होता म्हणून वाचला. डोंगरी जात असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. तेव्हापासून कूलर इन्व्हर्टरवर आहे.

४. कागद आधी, बयाणा नंतर

माझे सहा हजार इथे गेले. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने "ग्रेसफुल आहे, परदेशी आहे, कागद मागून येतील" म्हणून फोटो पाठवला. मी उत्साहात पैसे टाकले. रात्री फोटो मोठा करून पाहिला तर सरड्याच्या मागे बाभळीचा पांढरा काटा. नीट बघितलं तर तो आपला घोयराच. पैसे परत मागितले, फोन बंद. गेले ते गेले, पण तो प्राणी घरात आला असता तर गुन्हेगार मीच ठरलो असतो.

जवळजवळ सगळे शॅमेलिऑन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आफ्रिकेतले पिग्मीही २०१६ च्या बैठकीनंतर त्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या यादीतले प्राणी आपल्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवायचं असतं. मावसभावाने दुःखात हे विसरू नये म्हणून मीच त्याच्या शेजारी बसून ते भरलं.

विक्रेत्याकडून काय मागायचं:

- त्याच्या स्वतःच्या नावाची परिवेशवरची नोंद. हस्तांतर तिथूनच होतं.
- प्राणी बाहेरून आलेला असेल तर साइटिस परवान्याची आणि आयात परवान्याची प्रत. इथेच जन्मला असेल तर आई-बापांची नोंद आणि जन्माची नोंद.
- शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल. "शॅमेलिऑन, १ नग" असं बिल म्हणजे रद्दी.
- दोन्ही कुशींचे आणि डोक्याचे स्पष्ट फोटो, तारखेसह.

नोंदणीच्या अर्जासाठी तुमच्याकडून ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि हे सगळं स्कॅन करून. कागदावरचं शास्त्रीय नाव आणि समोरचा प्राणी एकच आहेत का, हे जाणत्या माणसाला दाखवून घ्या. व्हेल्डच्या कागदावर भलताच प्राणी खपवायचे प्रकार होतात. "नंतर करून देतो" म्हणाला की नमस्कार करून उठायचं.

५. पिंजरा, दिवा, पाणी

थोडक्यात सांगतो, कारण यावर माहिती भरपूर मिळते.

उभा, जाळीचा पिंजरा. काचेची टाकी आपल्या उन्हाळ्यात भट्टी होते. फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर साधी कोंबड्यांची जाळी लावू देऊ नका, तिच्या टोकांनी पंजे फाटतात. पावडर कोटिंग केलेली बारीक जाळी सांगा. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, ट्यूब लागतेच. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, त्यातलं यूव्हीबी येत नाही. ते मिळालं नाही तर हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. झाडं खरी ठेवा: जास्वंद, मनीप्लांट, अंब्रेला प्लांट. कण्हेर अंगणात सहज मिळते म्हणून आणू नका, ती विषारी.

पाण्याचं मात्र जरा ऐका. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही पिंपात साठवलेलं आणि जड. त्याने फवाऱ्याच्या तोंडाशी क्षार बसतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. मी दोन नोझल फुकट घालवल्यावर आरओचं पाणी वापरायला लागलो. सकाळी उजाडताना आणि रात्री दिवे गेल्यावर फवारा, दुपारी पिंजरा सुकू द्यायचा. डोळे खोल गेले किंवा शीचा पांढरा भाग नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय.

६. खाऊ घरी तयार होतो का, ते तीन महिने करून बघा

रातकिडे महिनोन्महिने नियमित मिळणारं दुकान मला सोलापुरात सापडलं नाही. कुरिअरने मागवले तर मे महिन्यात अर्धे मेलेले येतात. म्हणून प्राणी आणण्याआधी तीन महिने रातकिडे पाळून बघा. प्लॅस्टिकचा डबा, अंड्यांचे पुठ्ठे, ओल्या मातीची वाटी, खायला गाजर नि पालेभाजी. आवाज आणि वास घरच्यांना सहन होतो का, हे याच काळात कळतं. आमच्या आईने पहिल्या आठवड्यात मला किड्यांसकट गच्चीवर पाठवलं होतं.

शॅमेलिऑनला द्यायच्या आधी चोवीस तास रातकिड्यांना चांगलं खाऊ घाला आणि कॅल्शियमची भुकटी लावून द्या. शेतातले नाकतोडे फुकट असतात, पण फवारणी कुठे झालीय ते कळत नाही. डाळिंब नि द्राक्षाच्या बागेजवळचे तर अजिबात नको. काजवा चुकूनही नको, तो सरड्यांना विषारी ठरू शकतो. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड लावणं बंद.

पिग्मी घ्यायचा विचार असेल तर ही पायरी दुप्पट अवघड. त्याच्या तोंडात मावतील असे टाचणीच्या डोक्याएवढे किडे सतत तयार हवेत. "लहान आहे, जागा कमी लागते" एवढ्यावर भुलून लोक तो मागतात आणि मग खायला काय घालायचं म्हणून मला फोन करतात.

७. प्राणी प्रत्यक्ष बघा

व्हिडिओ कॉलवर ठरवू नका. समोर उभं राहून एवढं बघा: दिवसा डोळे उघडे आहेत का, दोन्ही वेगवेगळे फिरतात का, फांदीवरची पकड घट्ट आहे का, जबडा नि कोपर सुजलेले नाहीत ना, जीभ पुरती बाहेर जाऊन किडा आणते का. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन "शांत स्वभावाचा" नसतो, आजारी असतो.

दुर्लक्षित जातींत आणखी एक गोष्ट विचारायची: घरी जन्मलेला की पकडलेला? अंगावर जुने व्रण, तुटलेलं नख, कातडीखाली दोऱ्यासारखी हलणारी वळी दिसली तर तो बहुधा रानातला. विक्रेता घरचा म्हणत असेल तर आई-बाप दाखवायला सांगा. वय विचारा, आणि मादी असेल तर नराशिवायही ती अंडी घालू शकते हे लक्षात ठेवून ओल्या वाळूची खोल कुंडी आधीच तयार ठेवा. कुंडी नसली तर ती अंडी पोटात अडवून धरते आणि त्यातच मरते.

८. डॉक्टर आणि पहिले चाळीस दिवस

आपल्याकडे म्हैस, शेळी, कुत्रा बघणारे चांगले डॉक्टर आहेत. सरड्याची सवय असलेले मला पुण्यात मिळाले, म्हणजे अडीचशे किलोमीटर. प्राणी आणण्याआधीच त्यांना फोन करून "शॅमेलिऑन बघता का" विचारा आणि वेळा लिहून ठेवा. जायचं झालं तर पहाटे चारला निघा, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी फांदी बसवा, भोकं पाडा, अंधार ठेवा. अंधारात तो शांत राहतो.

नवा प्राणी पहिले चाळीस दिवस वेगळ्या खोलीत. हाताळायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचा नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत घरी पाहुणे येतात, तेव्हा तर आणूच नका. पहिल्या आठवड्यात आणि मग महिन्याने विष्ठा तपासून घ्या. पकडून आणलेल्या जातींत जंत असणारच असं धरून चाला, पण औषध मनाने देऊ नका. नमुना ताजा हवा, घट्ट झाकणाच्या डबीत, डबीवर तारीख. पाठवेपर्यंत तो फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. मी पहिल्यांदा ठेवला तो शेंगाचटणीच्या डबीशेजारी, तशाच डबीत. आता आमच्या घरी त्यासाठी लाल झाकणाची वेगळी डबी आहे आणि फ्रीजचा तो कप्पा आईने माझ्या नावावर करून दिलाय.